राखीव प्रतीवर मालकी कोणाची?

भारतीय पेटंट कार्यालयाने २०२२-२३ या आर्थिक वर्षात ३४,१३४ पेटंटे मंजूर केली. पुढच्याच वर्षी, म्हणजे २०२३-२४ मध्ये, हा आकडा १,०३,०५७ वर गेला. एका वर्षात तिप्पट वाढ झाल्याबद्दल सरकारी पत्रकांतून समाधान व्यक्त झाले. २०१४-१५ साली सारी मिळून अवघी ५,९७८ पेटंटे दिली गेली होती हे ध्यानी घेता ते समाधान अगदीच अनाठायी होते असे म्हणता येणार नाही. तथापि साखरेच्या पोत्यांचे उत्पादन मोजावे तशी पेटंटे मोजता येत नाहीत. प्रत्येक पेटंट म्हणजे वीस वर्षांची मक्तेदारी होय. समाज ती संशोधकाला बहाल करतो आणि मोबदल्यात त्याच्याकडून शोधाचे संपूर्ण विवरण घेतो. हा सौदा समाजाला परवडतो की नाही, हे शोध खरोखरच नवा आहे की नाही यावर अवलंबून असते. आणि तो नवा आहे की नाही हे ठरविण्याचे काम पेटंट कार्यालयातील परीक्षकाचे असते.

औषधांच्या पेटंटांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे. संगणकातील माहितीची राखीव प्रत ठेवण्याच्या आणि आपत्तीनंतर ती माहिती पुन्हा उभी करण्याच्या पद्धतींवरही पेटंटे मागितली जातात, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. विषय रुक्ष आहे हे खरे. पण त्याचा संबंध आता रुग्णालयातील केसपेपरपासून सहकारी बँकेतील ठेवींच्या खात्यापर्यंत सर्वत्र पोचला आहे.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर हल्ला झाला. पाच सर्व्हरांवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि जवळजवळ दोन आठवडे रुग्णांची नोंदणी कागद-पेनाने करावी लागली. हल्ल्यातून सुटलेल्या एका राखीव सर्व्हरवर प्रत शिल्लक होती, तिच्या आधारे ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळविण्यात आली, असे सरकारने पुढे संसदेत सांगितले. दक्षिण कोरियाचे नशीब इतके बलवत्तर नव्हते. सप्टेंबर २०२५ मध्ये देजॉन येथील सरकारी माहितीकेंद्राला आग लागली, तेव्हा अधिकाऱ्यांच्या सामायिक साठ्यातील ८५८ टेराबाइट माहिती कायमची नष्ट झाली, कारण तिची बाहेर कोठेही प्रत नव्हती. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे केंद्र जळाले. तेथे काही ग्राहकांच्या प्रती होत्या, पण त्या मूळ माहितीच्याच जागी ठेवलेल्या होत्या! मुंबईच्या मंत्रालयाला २१ जून २०१२ रोजी लागलेल्या आगीत फायली भस्मसात झाल्या, तेव्हाही हाच प्रश्न पुढे आला होता. तहसील कचेरीत जुन्या कागदाची नक्कल मिळविण्यासाठी ज्याने खेटे घातले आहेत, त्याला दुसऱ्या प्रतीचे मोल निराळे सांगण्याची गरज नाही.

राखीव प्रत ही अशा रीतीने विम्यासारखी गोष्ट झाली आहे. विम्याचा हप्ता महाग झाला की प्रथम तो गरीब माणूस सोडून देतो. प्रत ठेवण्याच्या साध्या पद्धतीवर कोणाची मक्तेदारी बसली, तर तिची किंमत प्रथम जिल्हा रुग्णालये, लहान बँका आणि महाविद्यालयेच मोजतील. याउलट, ज्याने खरोखर नवी युक्ती शोधली त्याला काहीच संरक्षण मिळाले नाही, तर पुढची युक्ती शोधण्याच्या भानगडीत तो पडणार नाही. परीक्षकाला या दोहोंच्या मधून वाट काढावयाची असते.

ती वाट किती अरुंद आहे हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. हजार नोकरांच्या कचेरीत एकच परिपत्रक हजार संगणकांवर असते. त्याच्या हजार प्रती साठविणे हा शुद्ध अपव्यय होय. म्हणून माहितीचे तुकडे पाडावयाचे, प्रत्येक तुकड्याची गणिती ओळखखूण काढावयाची, आणि तीच खूण असलेला तुकडा आधीच साठ्यात असेल तर तो पुन्हा न ठेवता केवळ त्याचा निर्देश ठेवावयाचा, अशी युक्ती निघाली. पण तुकडे ठराविक लांबीचे पाडले तर एक अडचण येते. मजकुराच्या आरंभी एकच अक्षर घातले तरी पुढचे सारे तुकडे एका अक्षराने सरकतात आणि एकही ओळखखूण जुळत नाही. यावर तोडगा असा की, तुकडा कोठे तोडावयाचा हे लांबीवरून न ठरविता मजकुराच्या अंतरंगावरून ठरवावे; म्हणजे अक्षर घातले तरी एखाददुसरा तुकडाच बदलतो. ऑस्ट्रेलियातील रॉस विल्यम्स यांना याच कल्पनेवर १९९९ साली अमेरिकी पेटंट मिळाले. ही कल्पना मोठी होती, हे मान्य केलेच पाहिजे. त्याला मिळालेले संरक्षण न्याय्यच होते, आणि त्याची मुदत आता संपलेली आहे.

मात्र त्याच सुमारास ज्ञानाचा फार मोठा साठा पेटंटांच्या बाहेर, सर्वांसाठी खुला होत होता. मायकेल रेबिन यांनी ओळखखुणा काढण्याची एक गणिती रीत १९८१ सालीच मांडली होती. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ साली ‘आरसिंक’ ही रीत प्रसिद्ध केली. दोन दूरस्थ संगणकांवरील फायलींतील केवळ फरक तारेवरून पाठवावा, हे तिचे सार. २००१ साली अमेरिकेतील संशोधकांनी कमी क्षमतेच्या जाळ्यासाठी अशाच तत्त्वावरची फाइल-व्यवस्था मांडली, आणि २००२ साली बेल प्रयोगशाळेतील दोघांनी ‘व्हेंटी’ या साठवण-पद्धतीचे वर्णन केले. तिच्यात तुकड्याची ओळखखूण हाच त्याचा पत्ता असतो. आता एक नमुन्याचा अर्ज कल्पावा. अर्जदार म्हणतो: ग्राहकाच्या संगणकावर तुकडे पाडले जातात, ओळखखुणा क्लाऊडवरील सर्व्हरकडे जातात, नसलेले तुकडेच तेवढे पाठविले जातात आणि आपत्ती आल्यास क्लाऊडवरच आभासी संगणक उभा करून काम पुढे चालू केले जाते. अर्ज चाळीस पानांचा असतो, आकृत्या डझनभर असतात. ‘क्लाऊड’ हा शब्द वगळला तर त्यात १९९६ ते २००२ या काळात छापले न गेलेले असे काय उरते, हे शोधणे हेच परीक्षणाचे खरे मर्म. कधी काहीच उरत नाही. कधी मात्र एखादी बारीक पण मोलाची गोष्ट उरते. उदाहरणार्थ, लक्षावधी ग्राहकांच्या ओळखखुणांची सूची इतकी अवाढव्य होते की ती संगणकाच्या स्मृतीत मावत नाही, आणि ती वेगाने चाळण्याची खरीखुरी नवी रीत कोणी शोधलेली असू शकते. वरवरच्या वाचनात हे दोन्ही अर्ज सारखेच दिसतात.

कायदा या कामी परीक्षकाला पुरेशी मदत करीत नाही. १९७० च्या पेटंट कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीने गणिती रीत, धंद्याची पद्धत, अल्गोरिदम आणि ‘पर से’ संगणक-प्रणाली यांना कलम ३ (के) अन्वये पेटंट नाकारले. ‘पर से’ हे दोन लॅटिन शब्द कायद्यात येऊन बसले आणि वकिलांच्या दोन दशकांच्या उपजीविकेची सोय झाली. डिसेंबर २००४ च्या वटहुकुमाने उद्योगातील तांत्रिक उपयोगास आणि यंत्रासह येणाऱ्या प्रणालीस या बंदीतून वगळले होते. २००५ साली संसदेने ती सवलत जाणीवपूर्वक काढून टाकली. संसदेने जे दार लावले ते मार्गदर्शक तत्त्वांच्या खिडकीतून पुन्हा उघडावयाचे की नाही, याविषयी कार्यालयाचे धोरण सतत हेलकावे खात राहिले. ऑगस्ट २०१५ ची तत्त्वे आक्षेपांमुळे डिसेंबरात स्थगित झाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘नवीन यंत्र असल्यासच पेटंट’ अशी कडक कसोटी आली. जून २०१७ मध्ये तीही गेली. १२ डिसेंबर २०१९ रोजी फरीद अलानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले की, शोधात तांत्रिक परिणाम असेल तर तो केवळ संगणक-प्रणालीवर आधारलेला आहे म्हणून नाकारता येणार नाही. २०२३ साली मायक्रोसॉफ्टच्या अपिलातही त्याच न्यायालयाने हीच दिशा धरली, आणि २०२५ साली कार्यालयाने तत्त्वांची पुन्हा एकदा उजळणी केली.

अलानी यांच्या अर्जाची कथा मोठी उद्बोधक आहे. मूळ आंतरराष्ट्रीय अर्ज डिसेंबर १९९९ चा. अपील मंडळाने पेटंट देण्याचा आदेश दिला तो जुलै २०२० मध्ये. वीस वर्षांची मुदत तोवर उलटून गेली होती. परीक्षणातील दिरंगाईने मक्तेदारीचा प्रश्न अशा रीतीने परस्परच निकालात निघाला, असे कोणी विनोदाने म्हणू शकेल. अर्जदाराला तो विनोद वाटला नसावा.

‘तांत्रिक परिणाम’ ही कसोटी राखीव प्रतीच्या क्षेत्रात फार निसरडी आहे. जागा वाचली, वेळ वाचला, जाळ्यावरील भार हलका झाला, हे परिणाम तर प्रत्येकच अर्जदार दाखवू शकतो. भारतीय कायद्याने ‘शोधक पाऊल’ या संज्ञेची जी व्याख्या केली आहे तीत तांत्रिक प्रगतीला पर्याय म्हणून ‘आर्थिक महत्त्व’ही पुरेसे मानले आहे, आणि साठवणुकीचा खर्च कमी करणारी कोणतीही रीत आर्थिकदृष्ट्या महत्त्वाचीच असणार. त्याच व्याख्येचा उत्तरार्ध मात्र सांगतो की, त्या क्षेत्रातील जाणकाराला शोध उघड वाटता कामा नये. परीक्षणाची सारी भिस्त या उत्तरार्धावर हवी. आज पुष्कळदा वाद कलम ३ (के) भोवतीच फिरत राहतो आणि पूर्वज्ञानाचा शोध मागे पडतो. प्रणाली आहे की यंत्र, या शाब्दिक काथ्याकुटापेक्षा १९९६ चा निबंध परीक्षकाच्या टेबलावर पोचला की नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे.

तो पोचावयाचा तर वेळ हवा आणि माणसे हवीत. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या २०२२ मधील टिपणानुसार मार्च २०२२ अखेर भारतीय पेटंट कार्यालयात ८६० माणसे होती. चीनमध्ये १३,७०४ आणि अमेरिकेत ८,१३२. एक अर्ज निकाली निघण्यास भारतात सरासरी ५८ महिने लागत. पुढे नवी भरती झाली, ही चांगलीच गोष्ट. पण विलंब आणि घाई हे दोन निरनिराळे दोष आहेत आणि एकावरील औषध दुसऱ्याला जन्म देऊ शकते.

अमेरिकेतील कायद्याचे अभ्यासक मार्क लेम्ली यांनी २००१ साली याच्या उलट बाजूने युक्तिवाद केला होता. तेथील परीक्षक एका अर्जाला सरासरी अठरा तास देतो. बहुतेक पेटंटे कोणी कधी बजावीतच नाही. म्हणून सर्वांची कसून तपासणी करण्यापेक्षा जी थोडी वादात पडतील त्यांची छाननी न्यायालयाने करणे स्वस्त पडते, असे त्यांचे म्हणणे. हिशोब म्हणून ते बिनचूक दिसते. परंतु न्यायालयापर्यंत कोण पोचतो हा प्रश्न त्यात उरतोच. सिमँटेकने २०१२ साली व्हीम या बॅकअप कंपनीवर दावा लावला, तेव्हा व्हीमने पेटंट मंडळाकडे पुनर्परीक्षण मागितले आणि सिमँटेकच्या पेटंटांतील अनेक हक्क रद्द करून घेतले. नेटअॅप आणि सन या दोन बड्या कंपन्या साठवणुकीच्या पेटंटांवरून २००७ पासून तीन वर्षे भांडल्या आणि २०१० साली निवाड्याविनाच समेट झाला. त्याच वर्षी कोराइड या लहान कंपनीला मात्र नेटअॅपच्या केवळ एका इशाऱ्यापायी सनच्या खुल्या प्रणालीवर बेतलेले आपले उत्पादन मागे घ्यावे लागले. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याच्या बाबतीत पेटंट कधी न्यायालयात जातच नाही; ते पाकिटातून येणाऱ्या पत्रानेच आपले काम करून जाते. अमेरिकेत ही स्थिती, तर भारतातील एखाद्या नवख्या उद्योगाने उच्च न्यायालयाची पायरी चढावी ही अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. व्हेरिटास या अमेरिकी कंपनीच्या पुण्यातील केंद्रात १९९० च्या दशकापासून साठवणुकीच्या प्रणाली लिहिल्या जात होत्या. त्या परंपरेतील अभियंत्यांनी २००८ साली पुण्यातच ड्रुवा ही कंपनी काढली. पुढे तिने क्लाऊडवरील बॅकअपच्या व्यवसायात जागतिक स्थान मिळविले आणि तिचे मुख्य ठाणे अमेरिकेत गेले. असे उद्योग दोन्ही बाजूंनी पेटंटांना सामोरे जातात: स्वतःची युक्ती राखण्यासाठी त्यांना ती हवी असतात, आणि दुसऱ्यांच्या पोकळ पेटंटांपासून बचावही हवा असतो. म्हणूनच सरसकट बंदी वा सरसकट मुभा यांपैकी काहीही त्यांच्या उपयोगाचे नाही.

भारतीय कायद्यात एक तरतूद मात्र अशी आहे की जी अमेरिकेच्या कायद्यात या स्वरूपात नाही. पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणीही व्यक्ती, तिचा धंद्याशी संबंध असो वा नसो, पूर्वज्ञानाचा पुरावा देऊन हरकत घेऊ शकते. औषधांच्या बाबतीत रुग्णांच्या संघटनांनी या हक्काचा उपयोग करून दाखविला. संगणकक्षेत्रात अभियांत्रिकी महाविद्यालयांतील अध्यापक आणि विद्यार्थी हे काम सहज करू शकतील. मार्च २०२४ च्या नियमांनी मात्र या हरकतीला शुल्क लावले, आणि हरकत मुळात ग्राह्य आहे की नाही हे आधी नियंत्रकाने ठरवावे अशी पायरीही घातली. उपद्रवी हरकतींना आळा घालणे हा हेतू असेल. पण धंदेवाईक प्रतिस्पर्ध्याला शुल्क अडवीत नाही, ते अडविते अध्यापकालाच. शैक्षणिक संस्थांना हे शुल्क माफ करावे आणि हरकत अग्राह्य ठरविताना नियंत्रकाने कारणे लिहून प्रसिद्ध करावीत, एवढी दुरुस्ती नियमांतच करता येईल. त्यासाठी संसदेकडे जाण्याचेही कारण नाही. पुराव्याची वाण तर नाहीच. आरसिंकवरील १९९६ चा निबंध, त्यानंतरचा २००१ चा आणि व्हेंटीवरील २००२ चा, हे तिन्ही आज कोणालाही विनामूल्य वाचावयास मिळतात.