चिमणीची तहान आणि आपलें कर्तव्य

उन्हाळा लागला कीं ठाणें, कल्याण आणि डोंबिवली येथील अनेक खिडक्यांत पाण्याचें पसरट भांडें दिसूं लागतें. २०१० पासून दर वर्षीं २० मार्च हा जागतिक चिमणी दिन म्हणून पाळण्यांत येतो. त्या सुमारास ह्या भूतदयेस विशेष भरती येते. ही वृत्ति स्तुत्य आहे ह्यांत संशय नाहीं. परंतु एवढ्यानें आपलें कर्तव्य संपलें असें मानणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. आणि तें कां, हें चिमणीच्या शरीराकडे पाहिल्यास सहज कळून येईल.

पक्ष्यांस घाम येत नाहीं; त्यांच्या त्वचेंत स्वेदपिंडच नसतात. चिमणीच्या शरीराचें उष्णतामान सुमारें ४१ अंश सेल्सियस असतें. तें फार वाढूं लागलें म्हणजे ती चोंच उघडून धापा टाकते व श्वासावाटें पाण्याची वाफ बाहेर सोडून अंग निववते. ह्या खर्चाची भरपाई काटकसरीनें होते: शरीरांतील नत्रयुक्त मल युरिक आम्लाच्या रूपानें, पांढऱ्या लगद्यासारखा, थोडक्या पाण्यासह बाहेर पडतो. सहारा वाळवंटांतील वाळूच्या रंगाच्या मरुचिमणीपाशींहि हीच सामुग्री आहे. तेथें पाणी दुर्मिळ, परंतु हवा कोरडी; म्हणून थोडी वाफहि अंग लवकर निववते. आमच्या खाडीकांठीं स्थिति उलट. पाणी मुबलक, पण वैशाखांतील हवा इतकी दमट कीं ती वाफ सहजासहजीं घेत नाहीं. अशा ठिकाणीं पाण्याइतकीच सावलीची गरज असते.

दुसरी गोष्ट पिलांची. मोठी चिमणी दाणे टिपते, परंतु पिलांचें पोषण मुख्यतः किडे व अळ्या ह्यांवर होतें. घरट्यांतील पिलूं भांड्यापाशीं येऊं शकत नाहीं. त्याचें पाणीहि त्या मऊ अळींतूनच त्यास मिळतें. जन्मापासून उडूं लागेपर्यंतच्या सुमारें दोन आठवड्यांत अळ्या न मिळाल्या, तर शेजारीं तांदुळाची रास असून काय उपयोग? चीनमध्यें १९५८ सालीं धान्य खातात म्हणून चिमण्यांचा संहार आरंभिला गेला. पुढें किडींचा उपद्रव वाढला आणि १९६० सालीं शत्रूंच्या यादींत चिमणीच्या जागीं ढेकणाचें नांव घालावें लागलें.

आतां आपल्या गांवांकडे पाहूं. कौलारू घरांच्या वळचणीस व चाळींच्या सांदींत चिमणीस आपसूक जागा मिळे. नव्या इमारतींच्या गुळगुळीत भिंतींस भेग नाहीं, आवारांत फरशी, आणि झाडांवर कीटकनाशकाचा फवारा. कोणी म्हणतील, शहरांत जागा कोठें आहे? आमचें उत्तर असें कीं, भिंतींत मुठीएवढी पोकळी, कुंपणास देशी झुडुपें आणि फवाऱ्यास आळा, ह्यांस जागा फारशी लागत नाहीं, इच्छा लागते. लांकडी खोकें लावावयाचें तर सावलींत लावावें. पत्र्याचें खोकें उन्हांत टांगणें म्हणजे पिलांस भट्टींत घालणें होय.

विद्यार्थिमित्रांनो, सलीम अली ह्यांस पक्षिविद्येची गोडी लागली ती शाळकरी वयांत हातीं आलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीमुळें. तिची ओळख पटविण्यासाठीं ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेले होते. तुम्हींहि दारींच्या चिमणीस आधीं ओळखावें. तिला काय हवें हें जाणून केलेली दयाच तिच्या उपयोगीं पडेल.