तिजोरीची किल्ली खिळ्याला

आज जरा चिडून लिहितोय, सांभाळून घ्या. मामी आणि घरची मंडळी, मध्ये थोडं तांत्रिक येईल, पण शेवटपर्यंत वाचा. गोष्ट आपल्याच घरातली आहे.

परवा एका ओळखीच्याने आपला बिलिंगचा प्रोग्रॅम कौतुकाने दाखवला. दुकानात सहा कॉम्प्युटर, मागे एसक्यूएल सर्व्हर. मी सवयीने त्याची कॉन्फिग फाईल नोटपॅडमध्ये उघडली. युजर 'एसए' आणि शेजारी पासवर्ड, उघडावाघडा! विचारलं तर म्हणाला, "अरे, छोटं दुकान आहे, कोण येतंय हॅक करायला? चालतंय ना, झालं तर मग!"

हे "चालतंय ना" ऐकलं की माझं डोकं फिरतं.

एसए म्हणजे सर्व्हरचा मालक. तो अख्खा डेटाबेस पुसू शकतो. आपण "बिल खोडा" हे बटण फक्त शेठना दाखवतो आणि वाटतं, झाली सुरक्षा. पण सर्व्हरला तुमची बटणं दिसत नाहीत हो! त्याला दिसतं फक्त लॉगिन. ती फाईल वाचून कुणीही अ‍ॅक्सेसमध्ये टेबल लिंक केलं की तोही शेठच.

आणि "कोण येतंय"? मे २००२ मध्ये स्पायडा नावाचा वर्म आला, तो एसएचा पासवर्ड कोरा ठेवलेले सर्व्हरच शोधत फिरायचा. २५ जानेवारी २००३ ला स्लॅमर आला. जेमतेम ३७६ बाइट्सचा, पण दहा मिनिटांत त्याने लागण होण्याजोग्या मशीनपैकी ९० टक्क्यांहून जास्त गाठली. त्याला पासवर्डही लागला नाही. पॅच मात्र जुलै २००२ पासून उपलब्ध होता! कित्येक डेस्कटॉप प्रोग्रॅम आपल्याबरोबर एमएसडीई बसवायचे, त्यामुळे आपल्याकडे सर्व्हर आहे हेच अनेकांच्या गावी नव्हतं. वर्म दुकानाचा आकार बघून येत नाही.

पण खरं नुकसान बाहेरच्याने केलेलं नसतंच...

मामेभावाच्या औषधांच्या होलसेल दुकानासाठी एकदा व्हीबीमध्ये असाच प्रोग्रॅम लिहिला गेला. एका वर्षी उधारीचे आकडे जुळेनात. ज्या नोंदी बदलल्या होत्या त्यांच्यापुढे नाव होतं दिवाणजींचं. वीस वर्षं तिथे काम केलेला माणूस. दादा काही बोलला नाही, पण नजर बदलली. दिवाणजी दिवाळीनंतर आलेच नाहीत. पुढे कळलं की काउंटरवरच्या एका मशीनवरून आकडे थेट टेबलात बदलले जात होते. नोंद मुळात दिवाणजींनी केली म्हणून नाव त्यांचं राहिलं, आणि सर्व्हरच्या लेखी तर सगळेच एसए. कुणी केलं ते कधीच कळलं नाही.

तो प्रोग्रॅम मी लिहिला होता. तेव्हा मीही म्हणालो होतो, "चालतंय ना".

म्हणून सांगतो, यात अवघड काही नाही. प्रत्येकाला त्याच्या विंडोज लॉगिननेच सर्व्हरवर येऊ द्या, म्हणजे पासवर्ड फाईलमध्ये लिहायची वेळच येत नाही. टेबलांवर कुणालाच थेट हक्क नको, स्टोअर्ड प्रोसिजर चालवण्यापुरता द्या. क्वेरीत नाव जोडून स्ट्रिंग बनवू नका, पॅरामीटर वापरा. नाहीतर वसईच्या डिसूझांनी इंग्रजीत नाव लिहिलं की त्यातल्या अपॉस्ट्रॉफीपाशीच क्वेरी मोडते, आणि जिथे ती चुकून मोडते तिथे कुणी मुद्दाम वाकवूही शकतो. सर्व्हरचा पोर्ट इंटरनेटवर उघडा टाकू नका. एवढ्याला फार तर दोन दिवस जादा लागतात.

ते दोन दिवस मी वाचवले, आणि किंमत दिवाणजींनी मोजली. ओळखीच्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बघू, पुढच्या व्हर्जनला."

असो. तुमच्यापैकी जे प्रोग्रॅम लिहितात, त्यांनी आज घरी जायच्या आधी आपली कॉन्फिग फाईल एकदा उघडून बघा.