लॅपटॉपचे वायरलेस कार्ड घेताना चिपचा नंबर विचारा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो किमान आठव्या पिढीचा लागतो. गल्ल्याशेजारी ठेवलेले आपले जुने लॅपटॉप या अटीत बसत नाहीत. म्हणून कित्येक व्यापारी बांधवांनी त्यांवर लिनक्स घातले आहे, कित्येक घालण्याच्या विचारात आहेत. आमच्या पेढीवरही तेच चालते. लिनक्सला दाम पडत नाही, त्याची मूळ लिखावट सर्वांना खुली आहे आणि जीएसटीचे पोर्टल, ई-वे बिल, बँकेचे काम हे सारे ब्राउझरमधून होते. (टॅली विंडोजसाठी लिहिलेली आहे, तिची सोय निराळी पाहावी लागते. तो विषय पुन्हा कधी.) अडचण येते ती बहुधा एकाच ठिकाणी, वायफायपाशी.

याचे कारण समजून घेतले पाहिजे. वायरलेस कार्डाला चालविणारा जो छोटा प्रोग्रॅम असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. विंडोजसाठी तो कार्ड बनविणारी कंपनीच लिहून देते. लिनक्समध्ये चांगला ड्रायव्हर तोच, जो कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट झालेला असतो. तो गाभ्याबरोबर येतो आणि गाभ्याबरोबरच सुधारत जातो. कंपनीने माहिती दिली नाही तर बाहेरच्या जाणकारांना ती चिप चाचपडत उलगडावी लागते. ब्रॉडकॉमच्या बाबतीत वर्षानुवर्षे हेच चालले. त्या कंपनीने खुला ड्रायव्हर जाहीर केला तो सप्टेंबर २०१० मध्ये, आणि तोही ठराविक नव्या चिपांपुरता. त्यानंतरच्या २०१३ च्या मॅकबुक एअरमध्ये ब्रॉडकॉम ४३६० ही चिप आहे. तिला आजही कंपनीचा बंद ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो. उलट अथेरॉसने २००८ मध्येच एटीएच९के हा खुला ड्रायव्हर दिला. त्या जुन्या कार्डांना वेगळे फर्मवेअरही लागत नाही.

फर्मवेअर म्हणजे कार्डाच्या आत उतरविला जाणारा प्रोग्रॅम. ड्रायव्हर खुला असला तरी हा बहुधा बंदच असतो. तत्त्वाला चिकटून राहणारे लोक तोही नको म्हणतात, आणि त्यांचा आम्हांला आदर आहे. पण दुकानदाराने इतके कडक राहावे असे आमचे मत नाही. डेबियनसारख्या कट्टर मंडळींनीही २०२२ मध्ये मतदान घेऊन हे फर्मवेअर आपल्या इन्स्टॉलरमध्ये ठेवावयाचे ठरविले आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते सोबत येते.

आता खरेदीचे बोलू. ग्रे कापडाचा सौदा करताना रीड, पिक, काउंट आणि पन्हा विचारल्याशिवाय आपण बयाणा देत नाही. ताग्यावरचा छाप पाहून माल उचलणारा व्यापारी फार दिवस टिकत नाही. मग कार्ड घेतानाच आपण डब्यावरचे नाव पाहून पैसे का मोजतो? टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हा यूएसबीला लावायचा अडॅप्टर पाहा. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप होती. ती लिनक्सवर लावताच चालते, म्हणून त्याचे नाव झाले. दुसऱ्या आवृत्तीत रिअलटेकची चिप आली. मॉडेलचे नाव तेच राहिले. नावलौकिक पहिल्या मालाचा, आणि गिऱ्हाइकाच्या हाती माल दुसराच. कापडात एकाच नंबरखाली दुसऱ्या लॉटचा माल घातला तर पार्टी ताबडतोब माल परत पाठविते. इथे मात्र आवृत्तीचा आकडा बारीक अक्षरात छापला की झाले. आम्ही याला सरळ व्यवहार मानत नाही.

‘लिनक्सवर चालते’ एवढ्या शब्दांवरही जाऊ नये. काही कार्डांचा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेरचा असतो, कोणीतरी लिहून ठेवलेला. आज तो बसतो, कार्ड चालते, दुकानदारही खोटे बोललेला नसतो. पुढे कर्नल बदलला की तो ड्रायव्हर नव्याने जमवावा लागतो, आणि जमला नाही तर सकाळी वायफाय गायब. आमच्या पेठेत एका ओळखीच्या व्यापाऱ्यावर हीच वेळ आली. गाडी भरून दारात उभी, माल पन्नास हजारांच्या वरचा, आणि ई-वे बिल काढावयाचे तर इंटरनेट नाही. शेवटी मोबाइलला केबल जोडून काम भागविले. (ही युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. केबलने जोडलेल्या मोबाइलचे इंटरनेट लिनक्स बहुधा लगेच ओळखते.) विकणाऱ्याने आधी एवढे एक वाक्य सांगितले असते तर तो तास वाचला असता. मालातला ऐब सांगून विकणे हा आपला जुना दस्तूर आहे आणि कॉम्प्युटरच्या दुकानातही तो चालला पाहिजे.

लॅपटॉपच्या आत बसणारे कार्ड घ्यायचे असेल तर आमची पसंती इंटेलच्या एएक्स२०० किंवा एएक्स२१० ला आहे. एएक्स२१० चा ड्रायव्हर डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या ५.१० या कर्नलपासून गाभ्यात आहे, म्हणजे आजच्या कोणत्याही उबुंटू किंवा मिंटमध्ये तो असतोच. पण इथे एका आकड्याचा मोठा घोटाळा आहे. एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही कार्डे दिसायला तशीच, खाचेतही बसतात, आणि बाजारात स्वस्तही मिळतात. त्यांचे अर्धे काम इंटेलच्या प्रोसेसर-चिपसेटमध्ये होते. त्यामुळे एएमडीच्या किंवा जुन्या इंटेलच्या लॅपटॉपमध्ये ती मुळीच चालत नाहीत, मग लिनक्स असो की विंडोज. शेवटी शून्य असलेले स्वतंत्र, एक असलेले परावलंबी, एवढे या चार नंबरांपुरते ध्यानात ठेवावे. एएमडीच्या नव्या लॅपटॉपांत मीडियाटेकचे एमटी७९२१ पुष्कळदा कंपनीकडूनच येते. त्याचा ड्रायव्हर २०२१ पासून कर्नलमध्ये आहे, ते बदलण्याच्या भानगडीत पडू नये.

कार्ड घेण्याआधी लॅपटॉप उघडून पाहिलेला बरा. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या यंत्रात मिनी पीसीआय एक्सप्रेसची खाच असते, त्यानंतरच्यात एम.२ ची. दोन्हींच्या अँटेनाच्या तारांची टोकेही निरनिराळ्या मापाची आहेत. कित्येक नव्या पातळ लॅपटॉपांत कार्ड बोर्डावरच डाख दिलेले असते, तिथे बदलण्याचा प्रश्नच येत नाही. आणि थिंकपॅडच्या एक्स२३०, टी४३० यांसारख्या जुन्या मॉडेलांत बायोस फक्त कंपनीच्या यादीतलेच कार्ड घेते. दुसरे लावले तर पडद्यावर १८०२ हा आकडा येऊन यंत्र तिथेच थांबते. विकत घेतलेल्या यंत्रात कोणते कार्ड लावावे हे कंपनीने ठरवावे, ही गोष्ट आम्हांला कधीच पटलेली नाही.

सेकंडहँड लॅपटॉप घ्यावयास लॅमिंग्टन रोडला जाल तेव्हा लिनक्स मिंट उतरविलेला पेनड्राइव्ह खिशात असू द्या. यंत्रातले काही न पुसता ते त्यावरून सुरू होते. दुकानाच्या किंवा आपल्या मोबाइलच्या वायफायला जोडून पाहा. मग टर्मिनल उघडून एल-एस-पी-सी-आय ही पाच अक्षरे, थोडी जागा सोडून एक आडवी रेघ आणि त्याला लागून दोनदा एन, असे सारे लहान लिपीत टाइप करा. नेटवर्क कार्डाच्या ओळीत शेवटी चौकटी कंसात नंबर दिसेल. त्याची सुरुवात ८०८६ ने असेल तर चिप इंटेलची, १४ई४ असेल तर ब्रॉडकॉमची. तो पूर्ण नंबर दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. काही जण कां-कूं करतात, पण गिऱ्हाईक उठू लागले की लिहून देतात.