सैन्यातील प्रतिकूल सेवामुक्ती आणि चारित्र्य पडताळणी

शिस्तभंग किंवा अकार्यक्षमतेमुळे सैन्यसेवा संपुष्टात आलेल्या व्यक्तीच्या पूर्वसेवेची नोंद पुढील शासकीय नोकरीच्या वेळी विचारात घेतली जाते. अमेरिकेप्रमाणे भारतात सेवामुक्तीच्या सन्माननीय ते असन्माननीय अशा श्रेणी नाहीत. सेना अधिनियम, १९५० मध्ये बडतर्फी, सेवेतून काढून टाकणे व सेवामुक्ती असे भेद आहेत.

पडताळणी

अधिनियमाच्या कलम २३ नुसार जवानास मातृभाषेत व इंग्रजीत प्रमाणपत्र दिले जाते. त्यात सेवा समाप्त करणारा प्राधिकारी, कारण व सेवेचा कालावधी नमूद असतो. टेमघर (भिवंडी) हा भाग ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतो. मात्र पोलिसांची चारित्र्य पडताळणी मुख्यतः गुन्हेगारी नोंदींपुरती असते. प्रशासकीय सेवामुक्ती ही दोषसिद्धी नसल्याने तेथे हे प्रमाणपत्र व साक्षांकन नमुन्यातील उमेदवाराची उत्तरे महत्त्वाची ठरतात. गैरवर्तन वा अकार्यक्षमतेमुळे सेवामुक्त झालेली व्यक्ती केंद्राच्या १९७९ च्या नियमांतील ‘माजी सैनिक’ या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे ती राखीव जागांना मुकते.

न्यायालयीन भूमिका

वीरेंद्र कुमार दुबे खटल्यात (२०१५) सर्वोच्च न्यायालयाने केवळ चार लाल शाईच्या नोंदींवरून दिलेली सेवामुक्ती रद्द केली. गैरवर्तनाचे स्वरूप, सेवेचा कालावधी व खडतर नेमणुका विचारात घेणे आवश्यक असल्याचे स्पष्ट केले. फौजदारी प्रकरणांची माहिती दडवण्याविषयीच्या अवतार सिंग खटल्यात (२०१६) न्यायालयाने उमेदवाराने खरी माहिती देणे बंधनकारक ठरवले. तथापि ती दिल्यानंतरही पूर्वचारित्र्य तपासण्याचा नियोक्त्याचा अधिकार कायम ठेवला.