भूत न दाखवणारा भूतपट



नाताळच्या सुट्टीत नातवाने एक रंगीत भूतपट लावला. रक्त, किंकाळ्या! मला चक्क डुलकी लागली. मग मी त्याला रॉबर्ट वाइज यांचा १९६३ चा कृष्णधवल 'द हॉन्टिंग' दाखवला. ('साउंड ऑफ म्युझिक'चे दिग्दर्शक तेच.) त्यात भूत एकदाही दिसत नाही. भिंतीवर धाडधाड ठोके पडतात, बंद दार श्वास घेतल्यासारखं आत फुगतं, बस्स. पोरगं चादर ओढून बसलं.

मला खरी भीती वाटते ती त्यातल्या एलेनॉरमुळे. आजारी आईची तिने वर्षानुवर्षे सेवा केलेली. आई गेली त्या रात्री तिने भिंत ठोठावली होती, ही उठली नाही. त्या वाड्यात ठोके पडू लागतात तेव्हा ती अर्धवट झोपेत आईलाच ओ देते. माझी आई चमच्याने पेला वाजवून बोलवायची. एका रात्री आवाज ऐकूनही मी कूस बदलली. सकाळी पेला खाली पडलेला होता.

असे चित्रपट श्रद्धेला बाधक, असं आपल्यातले काहीजण म्हणतात. भुतंखेतं मीही मानत नाही. पण पॅरिश हॉलमध्ये तरुणांनी कधी पडदा लावलाच, तर हा चित्रपट लावावा. आम्हा म्हाताऱ्यांनाही बोलवावं.

– एक निवृत्त शिक्षिका, बेळगाव