बार पुष्कळ, बैठक एकही नाही

सिल्वासात नव्याने आलेला तरुण विचारतो, 'चार माणसांची ओळख व्हावी असे इथे बसण्याचे ठिकाण कोणते?' उत्तरादाखल त्याला बारची नावे सांगितली जातात. या प्रश्नावर आपल्या वडीलधाऱ्या मंडळींत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, दारूने गाव बिघडले. दुसरा म्हणतो, मुंबई-पुण्यासारखा एखादा चांगला पब निघाला की प्रश्न सुटेल. आम्हांस दोन्ही पक्ष अमान्य आहेत.

इथले बार कोणासाठी आहेत, हे आधी पाहावे. १ मे १९६० रोजी गुजरात राज्य झाले ते १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा सोबत घेऊनच, आणि ती बंदी आजही उठलेली नाही. २०२३ च्या अखेरीस गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीपुरती सवलत मिळाली, इतकेच. आपला प्रदेश त्या बंदीबाहेर राहिला, २०२० मध्ये दमण-दीवशी एक झाल्यावरही. शेजाऱ्याच्या कायद्याने आपल्याकडे गिऱ्हाईक पाठविले. ते पिण्यास येते, ओळखीस नव्हे. कोणी पाहू नये हीच जिथे बसणाऱ्याची पहिली चिंता, तिथे परक्याशी संभाषण सुरू व्हावे कसे? आणि एकट्या स्त्रीने तिथे पाऊल तरी का टाकावे?

दुसऱ्या पक्षाने 'पब' या शब्दाचा अर्थ ध्यानात घ्यावा. तो 'पब्लिक हाउस' चा संक्षेप आहे, सर्वांचे घर. मद्य देण्याच्या फळीशी उभ्या असलेल्या माणसाशी कोणीही बोलावे आणि सोबत्यांनी आळीपाळीने एकमेकांचे पेले भरवावेत, हा इंग्लंडातील अलिखित संकेत. रे ओल्डनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९८९ च्या 'द ग्रेट गुड प्लेस' या ग्रंथात घर आणि काम यांपलीकडच्या अशा ठिकाणास 'तिसरी जागा' म्हटले. त्यात मद्यगृहांच्या पंक्तीला कॉफीगृहे, पुस्तकांची दुकाने आणि केशकर्तनालयेही बसविली. म्हणजे मद्य ही अट नव्हे. मुंबईच्या इराण्याने तेच कार्य चहा आणि ब्रूनमस्क्यावर केले. गर्दीच्या वेळी अनोळखी माणसे एकाच संगमरवरी टेबलाशी बसत. शेजाऱ्याचा शब्द ऐकू येणार नाही इतके मोठे संगीत लावणारा पब इथे आणून काय साधणार?

१९६१ च्या जनगणनेत या प्रदेशाची लोकसंख्या ५७,९६३ होती; २०११ मध्ये ती ३,४३,७०९ झाली. ही वाढ मुख्यत्वे कारखान्यांमागून आलेल्या माणसांची आहे. पाळी संपवून भाड्याच्या खोलीकडे परतणाऱ्या माणसाला वाटेत उघडे दिसते ते बारचेच दार. तो तिथे एकटा पितो, आणि आपण त्यास व्यसनी ठरवून मोकळे होतो! गणेशोत्सवाच्या वर्गणीची पावती मात्र त्याच्या दारी न चुकता जाते. मंडळाच्या बैठकीचे बोलावणे जात नाही. 'आपण मूळचे कुठले?' हा आपला पहिला प्रश्न, आणि पुष्कळदा शेवटचाही. वारली, धोडिया, कोकणा यांच्या भूमीत येऊन वसलेल्यांनी तो इतक्या ताठ मानेने विचारावा, हे नवलच. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त करणाऱ्यांत पुण्या-मुंबईचे स्वयंसेवक होते; सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे हे त्यांपैकीच. तेही या गावाला परकेच होते.

म्हणून आमची मागणी बारबंदीची नाही, नव्या पबचीही नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ, कारखान्याची पाळी सुटल्यानंतरच्या वेळी, आपल्या संस्थांनी आपली सभागृहे उघडी ठेवावीत. चहा असावा, बाके समोरासमोर मांडावीत, भाषण नसावे. हिंदी, गुजराती, ओडिया कोणतीही भाषा चालावी. स्त्रियांस संकोच वाटू नये म्हणून आपल्या घरच्या स्त्रियांनी आधी येऊन बसावे. प्रत्येक जुन्या कुटुंबाने एका तरी नवागतास सोबत आणावे. एवढे करण्याची तयारी नसेल, तर बारमध्ये बसणाऱ्यांस दूषणे देण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.