फार्मासिस्टला वॉर्डात जागा द्या

समजा, खटाव तालुक्यातल्या औंधजवळच्या एखाद्या वाडीवरच्या पंचावन्न वर्षांच्या शेतकऱ्याच्या पायात बाभळीचा काटा मोडला. मधुमेह दहा वर्षांचा, त्यामुळे तळपायाची जाणीव कमी झालेली. तो मेडिकलमधून दोन दिवसांच्या कॅप्सूल आणतो. पाय सुजल्यावर जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन घेतो. ताप हटत नाही म्हणून साताऱ्याच्या किंवा मिरजेच्या सरकारी रुग्णालयात पोहोचतो, तोवर आठवडा उलटलेला असतो. पायात पू झालेला असतो, साखर तीनशेच्या वर गेलेली असते आणि मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असते.

पू तपासायला पाठवला जातो. त्यात कोणते जंतू आहेत आणि त्यांच्यावर कोणते औषध चालेल, हे कळायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर अंदाजाने अँटिबायोटिक सुरू करावे लागते. व्हँकोमायसिन द्यायचे ठरले तर त्याची मात्रा रुग्णाचे वजन आणि क्रिएटिनिन पाहून बेतावी लागते. मात्रा जास्त झाली तर मूत्रपिंडाला आणखी इजा होते. कमी पडली तर जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. अहवाल आला आणि साध्या औषधाने काम होणार असेल, तर भारी औषध थांबवायचे. रुग्ण तोंडाने औषध घेऊ शकत असेल, तर इंजेक्शन बंद करून गोळी सुरू करायची. हे सगळे वेळच्या वेळी कोणी पाहायचे? आज हा भार निवासी डॉक्टरवर असतो. त्याच्याकडे अख्खा वॉर्ड असतो आणि रात्रपाळीही असते.

त्याच इमारतीत औषधांचे शिक्षण घेतलेला आणखी एक माणूस बसलेला असतो. तो औषध भांडारात साठ्याचा हिशेब लिहीत असतो किंवा खिडकीतून गोळ्या देत असतो. रुग्णाचा केसपेपर त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. वर्षानुवर्षे हे असेच चालले आहे, म्हणून कोणाला खटकत नाही.

भारतात क्लिनिकल कामासाठी फार्मासिस्ट तयार करण्याची सोय नाही, असे नाही. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २००८ मध्ये फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आणला. त्याचे शेवटचे वर्ष रुग्णालयात काढायचे असते. त्यात सहा महिने जनरल मेडिसिन आणि प्रत्येकी दोन महिने इतर तीन विभाग, अशी विभागणी आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी चिठ्ठी तपासणे आणि रुग्णाला समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे काम असल्याचेही मान्य केले. म्हणजे कागदावर पाया घातलेला आहे. त्यावर मजला चढलेला नाही. संसर्गजन्य आजारांसारख्या गुंतागुंतीच्या विषयात दोन महिन्यांची धावती ओळख पुरत नाही. अमेरिकेत पदवीनंतर एक वर्षाची सर्वसाधारण रेसिडेन्सी आणि त्यानंतर केवळ संसर्गजन्य आजारांसाठी आणखी एक वर्षाची रेसिडेन्सी असते. तिथे हा फार्मासिस्ट डॉक्टरांबरोबर राउंडला असतो.

पण त्यासाठी अमेरिकेकडेच पाहायला हवे असे नाही. कोचीच्या अमृता रुग्णालयात २०१६ पासून अँटिबायोटिक्सच्या वापरावर देखरेख ठेवणारे पथक काम करू लागले आणि त्यात क्लिनिकल फार्मासिस्टना महत्त्वाचे स्थान मिळाले. फार्मासिस्ट रोजची औषधे तपासतो, शंका असेल तर पथकापुढे मांडतो, आणि अंतिम निर्णय डॉक्टर घेतो. यात कोणाचाच अधिकार कमी होत नाही. चुकीच्या मात्रेची किंवा विनाकारण लांबलेल्या औषधाची शक्यता तेवढी कमी होते.

आपल्या भागात याची निकड अधिक आहे. सांगली जिल्ह्याने एचआयव्हीचा मोठा फटका सोसला आहे आणि क्षयरोग तर घरोघरी ऐकू येतो. एकाच रुग्णाला हे दोन्ही आजार असतील, तर रिफॅम्पिसिनमुळे डोल्युटेग्राव्हिरचे रक्तातील प्रमाण घटते. म्हणून ते दिवसातून एकदा ५० मिलिग्रॅमऐवजी दोनदा द्यावे लागते. रिफॅम्पिसिनमुळे मधुमेहाच्या काही गोळ्यांचा आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचा परिणामही घटतो. असे शेकडो बारकावे प्रत्येक डॉक्टरच्या डोक्यात कायम ताजे राहतील, ही अपेक्षाच चुकीची आहे. ज्याचे कामच ते आहे, असा माणूस शेजारी उभा हवा.

प्रश्न एका रुग्णाच्या पायापुरता नाही. २०१९ मध्ये औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू आहे. त्यातील अँटिबायोटिक्स देताना दुकानदाराने रुग्णाचे व डॉक्टरचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची असते. नियम चांगला आहे. पण तो दुकानाच्या उंबऱ्यापर्यंतच जातो. सर्वांत भारी अँटिबायोटिक्स रुग्णालयांच्या वॉर्डांत आणि अतिदक्षता विभागांत वापरली जातात. तिथे पाहणारे डोळे कमी आहेत.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला म्हणजे, औषध कोणते द्यायचे हे फार्मासिस्ट डॉक्टरला सांगणार का? सांगू दे की. अनुभवी परिचारिकेने 'डॉक्टर, एवढा डोस?' असे विचारल्यामुळे किती रुग्ण वाचले, हे वॉर्डात काम केलेला प्रत्येक जण जाणतो. दुसरा आक्षेप पैशांचा आहे, आणि तो अधिक खरा आहे. सरकारी रुग्णालयांत औषधनिर्माण अधिकाऱ्यांना साठा आणि वाटप यातूनच उसंत मिळत नाही. क्लिनिकल फार्मासिस्टचे पद नसेल, तर रेसिडेन्सी करून तो जाणार कुठे? आजही अनेक फार्म.डी. पदवीधर रुग्णालय सोडून कंपन्यांमध्ये संगणकासमोर औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी करतात किंवा परदेशाची वाट धरतात. म्हणून प्रशिक्षण आणि पद एकत्रच निर्माण झाले पाहिजे. नुसता अभ्यासक्रम काढला तर आणखी एक प्रमाणपत्र भिंतीवर लागेल.

सुरुवात लहान असली तरी चालेल. मिरजेला १९६२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, साताऱ्यातही आता झाले आहे. अशा ठिकाणी वर्षाला दोन फार्मासिस्टना विद्यावेतन देऊन संसर्गजन्य आजारांची एक वर्षाची रेसिडेन्सी सुरू करता येईल. मेडिसिन, अतिदक्षता, सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळा, क्षयरोग आणि एआरटी केंद्र असा त्यांचा फेरा ठेवावा. वर्ष संपल्यावर त्यांच्यासाठी जिल्हा रुग्णालयात मंजूर पद असावे. त्यांनी महिन्यातून एकदा औंधसारख्या गावांतल्या डॉक्टरांशी आणि मेडिकल दुकानदारांशी बसून बोलावे. त्या शेतकऱ्याचा पाय बिघडायला सुरुवात तिथेच झाली होती.

औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये आपल्या हातातला कारभार लोकांच्या हाती सोपवणारी राज्यघटना आणली. जबाबदारी अंगावर पडल्याशिवाय ती पेलता येत नाही, हे त्या छोट्या संस्थानाने दाखवून दिले. फार्मासिस्टला आपण गोळ्या मोजायला बसवले आणि वर त्याला रुग्णातले काय कळते, असेही विचारतो. आधी त्याला रुग्णापाशी तर येऊ द्या.